‘ॲली’चे रशियन करताना : बोळ, घरगल्ली आणि झाडांची वाट

पणजीच्या फोंतेन्हास भागातल्या एका छोट्या पाहुणघराचे माहितीपत्रक काही वर्षांपूर्वी माझ्याकडे इंग्रजीतून रशियनमध्ये अनुवादासाठी आले होते. गोव्यात येणाऱ्या रशियन पर्यटकांसाठी ते छापायचे होते आणि त्यात ‘फोंतेन्हासच्या ॲलींमधून निवांत फिरा’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. ‘ॲली’साठी रशियनमध्ये ‘अल्येया’ हा शब्द तयार दिसत होता, ध्वनीही जुळत होता, म्हणून तो लिहून मी मोकळी झाले. पत्रक छापून झाल्यावर तिथे उतरलेल्या एका रशियन आजींनी मालकांना विचारले की, झाडांच्या रांगांमधल्या त्या वाटा नेमक्या कुठे आहेत, कारण आम्हाला तर रंगीत भिंतींमधले बोळच दिसले. मालकांनी तो प्रश्न जसाच्या तसा माझ्याकडे पाठवला.

‘ॲली’ आणि ‘अल्येया’ हे दोन्ही शब्द फ्रेंचमधल्या ‘जाणे’ या अर्थाच्या एकाच क्रियापदापासून निघालेले आहेत, पण दोघांनी संसार वेगळे थाटले. इंग्रजीत तो शब्द दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेकडे गेला, तर रशियनमध्ये तो बागेतल्या, दुतर्फा झाडे लावलेल्या प्रशस्त वाटेसाठी स्थिरावला. मराठीतली ‘शिक्षा’ आणि हिंदीतली ‘शिक्षा’ यांच्यात जो घोळ होतो, तोच इथे होतो. मॉस्कोत अंतराळविजयाचे १०७ मीटर उंचीचे, १९६४ साली उभारलेले स्मारक आहे. त्याच्याकडे नेणाऱ्या रुंद, पादचारी, पुतळ्यांनी सजवलेल्या मार्गाचे नाव ‘अल्येया कोस्मोनाव्तोव’ असे आहे. इंग्रजी नकाशांमध्ये त्याचे ‘कॉस्मोनॉट्स ॲली’ केलेले आढळते, आणि मग त्या भव्य मार्गावर अंतराळवीर कचऱ्याच्या डब्यांमागे उभे असल्याचा भास होतो. म्हणजे ही चूक दोन्ही दिशांनी होते, एवढेच माझे समाधान.

त्या प्रसंगानंतर मी या एका शब्दासाठी जी पद्धत बसवली, ती पुढे मांडते. ‘लेन’, ‘अव्हेन्यू’, ‘स्क्वेअर’ अशा इतर शब्दांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते. रशियन शब्द देवनागरीत अक्षरांप्रमाणे लिहिले आहेत; प्रत्यक्ष उच्चारात आघात नसलेला ‘ओ’ हा ‘अ’कडे झुकतो, म्हणून ‘पेरेउलोक’ (गल्ली) हा शब्द कानाला साधारण ‘पिरिऊलक’ असा ऐकू येतो.

पहिली पायरी : शब्दकोश उघडण्याआधी ती वाट पाहावी

इंग्रजी ‘ॲली’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या वस्तू राहतात, आणि रशियनमध्ये त्या चौघींची घरे वेगळी आहेत. त्यामुळे सर्वांत आधी मूळ मजकुरातली वाट कशी आहे, हे ठरवावे लागते. जागा खरी असेल तर नकाशा आणि छायाचित्रे पाहावीत. कादंबरीतली असेल तर तिच्यात दारे उघडतात का, वाहन शिरते का, दुसऱ्या टोकाला बाहेर पडता येते का, हे आजूबाजूच्या वाक्यांतून शोधावे.

पहिल्या प्रकारात माणसे राहतात. फिलाडेल्फियातली ‘एल्फ्रेथ्स ॲली’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे : दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना चिकटून उभी असलेली ३२ जुनी घरे, प्रत्येकाला क्रमांक आणि रस्त्याकडे उघडणारे दार. पुण्याच्या जुन्या पेठांमधला बोळ डोळ्यांसमोर आणला की ही ॲली समजते.

दुसऱ्या प्रकारात घरांची पाठ असते. शिकागोमध्ये अशा मागच्या वाटांची एकूण लांबी सुमारे १,९०० मैल भरते. घराचे तोंड मुख्य रस्त्याकडे, आणि मागे ही ॲली. तिच्यावर गॅरेजची दारे उघडतात, कचऱ्याचे डबे ठेवलेले असतात, विजेच्या तारा जातात आणि कचरागाडी फिरते. मराठीत हिच्या जवळ जाणारा शब्द मुंबईच्या जुन्या इमारतींनी दिलेला आहे : घरगल्ली. फरक इतकाच की, घरगल्लीत माणूस जेमतेम मावतो, तर शिकागोच्या ॲलीत ट्रक शिरतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये मात्र १८११ सालच्या नगररचनेत अशा मागच्या वाटा ठेवल्याच नाहीत, म्हणून तिथल्या कचऱ्याच्या पिशव्या वर्षानुवर्षे पदपथावर येत राहिल्या. चित्रपटांत मॅनहॅटनची म्हणून जी अंधारी, वाफाळलेली ॲली दिसते, तिच्यासाठी ‘कोर्टलंड्ट ॲली’सारख्या मोजक्या जागा पुनःपुन्हा वापरल्या जातात. गुन्हेगारी कादंबऱ्यांचे अनुवाद करणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

तिसरा प्रकार म्हणजे दोन इमारतींमधली नुसती फट, जिला नाव नसते, क्रमांक नसतो, आणि जिथून लोक फक्त पलीकडे जातात. चौथा प्रकार बागेतला आहे : इंग्रजीत कापलेल्या झुडपांमधल्या उद्यानवाटेलाही ‘ॲली’ म्हणतात. हा अर्थ आता कमी आढळतो, परंतु नेमका त्याच ठिकाणी ‘अल्येया’ बिनधास्त लिहिता येतो.

दुसरी पायरी : नाव आहे की सामान्यनाम

वाट ओळखली की पुढचा प्रश्न येतो : मजकुरात ‘ॲली’ हा शब्द कुणाच्या नावाचा भाग म्हणून आला आहे, की नुसती वस्तू म्हणून? नावाचा भाग असेल तर रशियनची रूढ पद्धत बहुतेक वेळा अनुवादाची नाही. नावाचा ध्वनी रशियन लिपीत उतरवला जातो आणि मार्गाचा प्रकार सांगणारा शब्द जोडचिन्हाने त्याला चिकटवला जातो. ‘वॉल स्ट्रीट’ रशियनमध्ये ‘उओल-स्त्रित’ होते, आणि तिथल्या ‘स्त्रित’चे पहिले अक्षर लहान लिपीत असते. ‘बेकर स्ट्रीट’ ही ‘बेइकेर-स्त्रित’ होते. तिचे ‘उलित्सा’ करून पाव भाजणाऱ्याचा रस्ता कोणी करत नाही. म्हणून फिलाडेल्फियाच्या नावाचे मी ‘एल्फ्रेत्स-एल्ली’ असे रूप देते. रशियनमध्ये ‘थ’ नाही आणि ‘ॲ’ही नाही, त्यामुळे एवढा तोटा सोसावा लागतो. पहिल्या उल्लेखात त्याआधी ‘पेरेउलोक’ हा शब्द जोडावा, म्हणजे ‘एल्ली’ हे कुणा मुलीचे नाव आहे असे वाचकाला वाटणार नाही. द्विरुक्ती होते हे खरे, पण ती एकदाच आणि उपयोगाची होते.

कायदेशीर कागदांत, म्हणजे जन्मदाखला, खरेदीखत, विद्यापीठाचे प्रमाणपत्र अशा ठिकाणी, अनुवादकाने कलाकुसर करू नये. ध्वनी उतरवावा आणि कंसात मूळ पत्ता रोमन लिपीत तसाच ठेवावा. प्रत्यक्ष टपालाचा पत्ता असेल तर त्याला हातही लावू नये, कारण ते पाकीट शेवटी शिकागोतल्या टपालवाल्याच्या हातात जायचे असते आणि त्याला रशियन वाचता येत नाही.

ललित लेखनात नियम सैल होतो, कारण तिथे नावातच अर्थ किंवा श्लेष दडलेला असू शकतो. ‘हॅरी पॉटर’मधली ‘डायगॉन ॲली’ मोठ्याने म्हटली की इंग्रजीत ‘तिरकस’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. रशियनमधल्या सर्वपरिचित अनुवादात ती ‘कोसोय पेरेउलोक’, म्हणजे तिरका बोळ, झाली आहे. श्लेष गेला, पण अर्थ राहिला, आणि दुकानांनी भरलेल्या त्या अरुंद रस्त्याला ‘पेरेउलोक’ हा शब्द चपखल बसला. त्याच अनुवादात ‘प्रिव्हेट ड्राइव्ह’चे ‘तीसोवाया उलित्सा’ झाले, म्हणजे कुंपणाच्या एका झुडपाची जागा दुसऱ्याच सदाहरित झाडाने घेतली. ध्वनी तसाच उतरवला असता तर रशियन वाचकाला तिथे ‘प्रिव्येत’, म्हणजे आपल्याकडचे ‘काय, कसं काय?’, असे अभिवादन दिसले असते. त्यामुळे ही अदलाबदल मला तरी शहाणपणाची वाटते.

तिसरी पायरी : शब्द निवडणे

खरी मेहनत इथे आहे. रशियनमधल्या बऱ्याच मार्गवाचक शब्दांत एकच धातू दिसतो : ‘उलित्सा’ म्हणजे रस्ता, ‘पेरेउलोक’ म्हणजे दोन रस्त्यांना आडवा जोडणारा छोटा रस्ता, ‘प्रोउलोक’ म्हणजे त्याहून किरकोळ, बहुधा खेड्यातली किंवा उपनगरातली जोडवाट, ‘जाकोउलोक’ म्हणजे आडबाजूचा, सहसा कुणी न फिरकणारा कोपरा, आणि ‘उलोच्का’ म्हणजे लाडाने म्हटलेला छोटा रस्ता. हे कुटुंब एकत्र पाठ केले की निवड सोपी होते.

माणसे राहत असलेल्या ॲलीसाठी ‘पेरेउलोक’ हाच पहिला उमेदवार आहे. मात्र त्याचा दर्जा इंग्रजी शब्दापेक्षा वरचा आहे, हे विसरू नये. मॉस्कोच्या अर्बात भागातल्या ‘क्रिवोअर्बात्स्की पेरेउलोक’मध्ये, म्हणजे ‘वाकड्या अर्बात गल्ली’त, वास्तुशिल्पी मेल्निकोव्ह यांचे प्रसिद्ध दंडगोलाकार घर १० क्रमांकावर उभे आहे, जवळच्या ‘स्तारोकोन्युशेन्नी पेरेउलोक’ या नावात जुन्या घोड्यांच्या पागांची आठवण आहे. अशा पेरेउलोकला नाव असते, घरांना क्रमांक असतात, वकिलाती असतात, झाडेही असतात. तेव्हा ‘त्याने प्रेत ॲलीत ओढून नेले’ या वाक्यात नुसते ‘पेरेउलोक’ लिहिले, तर रशियन वाचक ते प्रेत एखाद्या सभ्य वस्तीतल्या रस्त्यावर ठेवतो. तिथे निदान ‘ग्लुखोय’ हे विशेषण जोडावे. ‘ग्लुखोय’ म्हणजे मूळचा बहिरा, आणि रस्त्याच्या बाबतीत निर्जन, आवाज न पोचणारा.

कचऱ्याचे डबे आणि गॅरेज असलेल्या शिकागोच्या ॲलीला ‘पेरेउलोक’ म्हणणे मला पटत नाही. तिथे ‘प्रोयेज्द’ हा शब्द बसतो, कारण त्यात वाहन पार जाण्याचा अर्थ आहे. नगररचनेच्या मजकुरात ‘व्नुत्रिक्वार्ताल्नी प्रोयेज्द’, म्हणजे वस्तीच्या एका चौकोनाच्या आतला गाडीरस्ता, ही रूढ संज्ञा आहे. कथेत ती फार सरकारी वाटते. तिथे ‘घरांच्या मागचा प्रोयेज्द’ असे साधे वर्णन करावे, किंवा परिसरच महत्त्वाचा असेल तर ‘जाद्वोर्की’, म्हणजे परसामागचा भाग, हा शब्द वापरावा.

नावगाव नसलेल्या फटीसाठी ‘प्रोखोद मेझ्दु दोमामी’, म्हणजे घरांमधली जायची वाट, हे सरळ वर्णन पुरते. अनुवादकांना इथे ‘पोदवोरोत्न्या’ या शब्दाचा मोह होतो, आणि तो मोह समजण्यासारखा आहे, कारण रशियन कथांमध्ये मारामाऱ्या, दारूच्या बाटल्या आणि संशयास्पद माणसे ‘पोदवोरोत्न्या’तच भेटतात. पण शब्दाचा अर्थ ‘दरवाज्याखालचे’ असा आहे. रस्त्यावरून इमारतीच्या कमानीखालून आतल्या चौकात जाणारी ती झाकलेली वाट आहे. जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत शिरल्यावर चौक लागेपर्यंत डोक्यावर जे छत असते, तशी. सेंट पीटर्सबर्गच्या विहिरीसारख्या उंच चौकांकडे अशाच कमानींखालून जावे लागते. अमेरिकन ॲलीच्या डोक्यावर मात्र आकाश असते. तिथे ‘पोदवोरोत्न्या’ लिहिले की वातावरण जमते आणि वास्तू बिघडते, आणि पुढच्या पानावर नायक अग्निशमनाच्या लोखंडी जिन्याने वर चढू लागला की अनुवादक अडकतो.

दुसरे टोक बंद असेल तर ‘तुपीक’ हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘बोथट’ असा अर्थ आहे, म्हणजे टोक नसलेली वाट. रेल्वेच्या बंद मार्गालाही तोच शब्द आहे आणि बोलणी खुंटली तरी तोच. इंग्रजीतली ‘ब्लाइंड ॲली’ खऱ्या आणि लाक्षणिक अशा दोन्ही अर्थांनी ‘तुपीक’ होते, त्यामुळे इथे अनुवादकाला विचार करावा लागत नाही.

चौथी पायरी : व्याकरण, जिथे मराठी कान कामाला येतो

इंग्रजीत मार्गांना लिंग नसते. रशियनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत आणि विशेषणाला त्याप्रमाणे वळावे लागते. मॉस्कोत क्रेमलिनपासून वायव्येला निघालेला एकच मार्ग पाहावा : आधी तो ‘त्वेरस्काया उलित्सा’ असतो, पुढे ‘लेनिनग्राद्स्की प्रोस्पेक्त’ (प्रशस्त हमरस्ता) होतो आणि त्याहून पुढे ‘लेनिनग्राद्स्कोये शोस्से’ (महामार्ग). ‘काया’, ‘की’ आणि ‘कोये’ ही टोके म्हणजे आपले ‘ची’, ‘चा’ आणि ‘चे’ : लेनिनग्राडचा रस्ता, लेनिनग्राडची गल्ली, लेनिनग्राडचे वळण. ‘ॲली’च्या बाबतीत ‘पेरेउलोक’, ‘प्रोउलोक’, ‘प्रोयेज्द’, ‘प्रोखोद’ आणि ‘तुपीक’ पुल्लिंगी आहेत, तर ‘उलोच्का’, ‘पोदवोरोत्न्या’ आणि ‘अल्येया’ स्त्रीलिंगी आहेत. मसुद्यात एक शब्द बदलून दुसरा घातला, तर त्याच्या आधीची सगळी विशेषणे आणि मागची भूतकाळी क्रियापदेही तपासावी लागतात. संगणकावर ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून मी एकदा एका पानावर स्त्रीलिंगी विशेषणांची अशी फौज मागे सोडली होती की, संपादकांनी शेवटी सगळे पान परत पाठवले.

ध्वनी उतरवलेल्या नावांचे रूप विभक्तीनुसार बदलत नाही, पण त्यांना लिंग असते. ‘फिफ्थ अव्हेन्यू’ रशियनमध्ये ‘प्याताया अवेन्यू’ होते, म्हणजे स्त्रीलिंगी, कारण मनात ‘उलित्सा’ गृहीत असते. ‘कोर्टलंड्ट ॲली’च्या आधी ‘पेरेउलोक’ जोडला असेल, तर पुढची विशेषणे आणि क्रियापदे ‘पेरेउलोक’च्या लिंगाने, म्हणजे पुल्लिंगाने चालवावीत आणि मध्येच बदलू नयेत.

‘पेरेउलोक’चे रूप चालवताना शेवटचा ‘ओ’ गळतो : ‘व पेरेउल्के’ म्हणजे गल्लीत, ‘इज पेरेउल्का’ म्हणजे गल्लीतून. ‘कापूस’चे ‘कापसात’ होताना ‘पू’ जसा सैल पडतो, तसेच हे आहे.

आणि आता शब्दयोगी अव्यय. रशियनमध्ये रस्त्यासाठी ‘ना’ लागते आणि गल्लीसाठी ‘व’ : ‘ना उलित्से’, ‘ना प्रोस्पेक्ते’, ‘ना शोस्से’, पण ‘व पेरेउल्के’, ‘व तुपिके’, ‘व प्रोयेज्दे’. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि विसरतात. मराठी माणसाला ती पाठ करायची गरज फारशी नाही. आपण ‘रस्त्यावर उभा आहे’ म्हणतो आणि ‘बोळात उभा आहे’ म्हणतो. ‘महामार्गावर’ म्हणतो आणि ‘गल्लीत’ म्हणतो. जिथे मराठीत ‘वर’ येते तिथे बहुधा ‘ना’, जिथे ‘त’ येते तिथे बहुधा ‘व’. चौकाशी मात्र हा आधार तुटतो : आपण ‘चौकात’ म्हणतो आणि रशियन माणूस ‘ना प्लोश्चादी’ म्हणतो.

पाचवी पायरी : ठरलेल्या शब्दबंधांशी भांडू नये

काही ठिकाणी वरची सगळी चिकित्सा बाजूला ठेवावी लागते. अमेरिकेतल्या ‘टॉर्नेडो ॲली’ या तुफानी वावटळींच्या पट्ट्याला रशियनमध्ये ‘अल्येया तोर्नादो’ म्हणतात. तर्काने पाहिले तर ही तीच माझी फोंतेन्हासची चूक आहे, पण आता ती संज्ञा झाली आहे, आणि भूगोलाच्या मजकुरात ती सुधारायला जाणे म्हणजे वाचकाला गोंधळात पाडणे. ‘बोलिंग ॲली’साठी रशियनमध्ये ‘केगेल्बान’ हा जुना शब्द आहे. आजच्या मजकुरात साधे ‘बोउलिंग’ चालते आणि चेंडू ज्यावरून घरंगळतो त्या पट्टीला ‘दोरोझ्का’ म्हणतात. ‘ॲली कॅट’ म्हणजे भटके मांजर. तिथे ‘बेज्दोम्नाया कोश्का’ लिहावे आणि गल्लीचा विषयच काढू नये.

याच जातीचे आणखी तीन सापळे जाता जाता सांगते. लंडनच्या ‘स्क्वेअर’ला ‘स्क्वेर’ लिहिले तर रशियन वाचक छोटी बाग समजतो. चौकासाठी ‘प्लोश्चाद’ हवे, म्हणून ट्रॅफल्गार स्क्वेअर ही ‘त्राफाल्गार्स्काया प्लोश्चाद’ आहे. ‘पिकॅडिली सर्कस’चे ‘त्सिर्क’ केले तर हत्ती येतात. ‘पॅसेज’चे ‘पासाझ’ केले तर वाटेच्या जागी छत असलेली दुकानांची रांग उभी राहते.

सहावी पायरी : उलटे वाचून पाहणे

मसुदा झाला की मी रशियन वाक्याचे इंग्रजी न आठवता थेट मराठी करते. ‘अल्येया’चे मराठी करताना हाताने ‘झाडांची वाट’ असे लिहिले गेले, किंवा ‘पोदवोरोत्न्या’चे ‘दिंडीदरवाज्यातून’ झाले, आणि मूळ जागी ना झाड आहे ना दिंडी, की शब्द बदलायचा. इंग्रजीकडे परत वळून तपासले तर हा दोष लपतो, कारण डोळ्यांना ‘ॲली’ दिसते आणि मन समाधान मानते.

फोंतेन्हासच्या पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी आधी ‘पेरेउल्की’ लिहून पाहिले. अर्थ बरोबर होता, पण पर्यटकाला फिरायला बोलावणाऱ्या वाक्यात तो शब्द पत्त्यासारखा कोरडा वाटत होता. ‘जाकोउल्की’त हरवण्याची भीती होती. शेवटी लाडाचा शब्द घेतला, त्याला ‘अरुंद’ हे विशेषण जोडले, आणि छापले : ‘प्रोगुल्याइत्येस पो ऊज्किम उलोच्काम फोंतेन्यासा’, म्हणजे फोंतेन्हासच्या अरुंद, छोट्या रस्त्यांवरून फेरफटका मारा.